कलम अकरा, माझ्याच अक्षरात

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं! सात विश्वस्त, सहा हात वर. सातवे कापडवाले — ते झोपले होते. जागे झाल्यावर त्यांनीही 'हो हो, अगदी' म्हटलं, तेव्हा इतिवृत्तात 'एकमताने' असं लिहिलं.

ठराव असा, की संस्थेच्या घरात जे नऊ जण राहतात त्यांच्यातला एक यापुढे विश्वस्त म्हणून आमच्याबरोबर बसेल. त्यांनी आपसात मत देऊन निवडायचा. सिस्टर म्हणाल्या, "त्यांना समजायला वेळ लागतो म्हणून ही संस्था. आणि चौदा वर्षं आपण त्यांच्याविषयी सगळं त्यांच्या पाठीमागे ठरवतोय!" सिस्टर म्हणजे आमच्या अध्यक्ष. आयुष्यभर परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी सिस्टरच.

वकिलांनी विचारलं, नवा विश्वस्त कुठल्या कलमाखाली घ्यायचा? मी न बघता सांगितलं — कलम सहा, पोटकलम दोन. सिस्टर हसल्या. "चिटणीस, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं कपाट." कायदा वकिलांनी शिकायचा आणि कलम मी सांगायचं! आठवीनंतर शाळा सुटली माझी. वजनकाटे दुरुस्त करता करता विश्वस्त कायद्याचं पुस्तक तीनदा वाचलं, पेन्सिलीने खुणा करून. कुणी शिकवलेलं नाही.

आणखी एक ठरलं. पिवळं कार्ड. सभेत ज्याला कळणार नाही त्याने ते वर करायचं. बोलणाऱ्याने तिथेच थांबायचं आणि सोपं करून सांगायचं. कार्डं करायचं काम माझ्याकडे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कार्डं केली. पिवळा पुठ्ठा, दहा बाय सात सेंटिमीटर, कोपरे गोल. पहिला गठ्ठा दोन मिलिमीटर जास्त भरला — रद्द. ही म्हणाली, "दोन मिलिमीटरने कुणाचं समजायचं अडणार आहे का?"

अडत नाही. पण मला दिसतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद, म्हणून सकाळी कार्डं द्यायला संस्थेच्या घरी गेलो. माझा धाकटा भाऊ तिथेच राहतो, त्यालाही घेऊन यायचं होतं. दर रविवारी तो आमच्याकडे जेवतो. चव्वेचाळीस वर्षांचा झाला. बेकरीत पाव मोजून ट्रेमध्ये लावतो, एका ट्रेमध्ये बारा. सहा वर्षांत एकदाही अकरा नाहीत की तेरा नाहीत. या बाबतीत तो माझाच भाऊ.

वरच्या बाथरूममधून गाणं चालू होतं. या घरात आंघोळीला जो जाईल तो गातो. वार्षिक अहवालात तीन वर्षं मी हे वाक्य ठेवलं आहे — 'आमच्या घरात सकाळ गाण्याने उजाडते.' वाचणाऱ्यांना फार आवडतं.

जेवण झाल्यावर धाकट्याने नेहमीसारखी माझी वजनांची पेटी काढली, सगळी वजनं पुसली, उतरत्या क्रमाने लावली. निवडणुकीबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. माझा अंदाज आहे, तो बोलका निवडून येईल — तो दिवसभर बंद पडलेला फोन कानाला लावून हिंडणारा. सभेत तो शोभेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी सिस्टरांचा फोन. "अहो, पेढे मागायला फोन केलाय! तुमचा धाकटा! नऊपैकी सहा मतं!"

पहिला मिनिटभर मला नुसता आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण नंतरचं लिहायचं आहे.

नंतर कलम अकरा आठवलं. 'रक्ताच्या अथवा विवाहाच्या नात्यातील दोन व्यक्ती एकाच वेळी विश्वस्त राहणार नाहीत.' माझंच. नऊ वर्षांपूर्वी मंडळात एक नवरा-बायको होते. घरी जेवताना ठरवून यायचे आणि सभेत आमच्याकडून माना डोलावून घ्यायचे. ते पुन्हा होऊ नये म्हणून एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता मी ते कलम लिहिलं. वकील तेव्हा म्हणाले होते, "यात सुई शिरायला जागा नाही."

नाहीच.

१ मार्च, रविवार

धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला. कार्ड वरच्या खिशात, अर्धं बाहेर दिसेल असं.

"दादा, मी विश्वस्त."

"अजून नाही. सभेत नाव मंजूर व्हावं लागतं."

"कधी?"

"बारा तारखेला."

तो बोटांवर मोजायला लागला. त्याच्या वहिनीने त्याला दोनदा वाढलं. मी कलमाचं काही बोललो नाही.

३ मार्च, मंगळवार

वकील दुकानात आले. निमित्त घरच्या काट्याचं. काटा ठणठणीत आहे, हे त्यांनाही माहीत.

"काय कलमबहाद्दर? अडकलात ना स्वतःच्याच पिंजऱ्यात?"

"अडकण्यासारखं काय आहे त्यात?"

"एक ओळ घालू. 'घरात राहणाऱ्यांनी निवडलेल्या विश्वस्ताला हे कलम लागू नाही.' पाच मिनिटांचं काम. कुणी हूं की चूं करणार नाही."

मी नाही म्हटलं. नऊ वर्षांत कलम पहिल्यांदा लागू व्हायची वेळ आली, आणि ती माझ्यावर आली म्हणून वाकवायचं? मग ते कलम कसलं!

"बरं. मग दोघांतला एक जाणार," वकील म्हणाले. "कोण?"

मी काट्याचं पारडं पुसत राहिलो. ते काटा तिथेच विसरून गेले.

खरं सांगायचं तर — इथे कुणाला सांगायचंय? — अकरा वर्षं त्या टेबलाशी बसतो. खाली दुकानात मी काटेवाला. लोक 'ए काटेवाले' म्हणून हाक मारतात. वरच्या त्या खोलीत मी बोललो की वकील लिहून घेतात.

८ मार्च, रविवार

जेवणानंतर धाकट्याला पुलाजवळच्या बाकावर घेऊन गेलो. दोन चहा घेतले. सगळं समजावलं — कलम काय, का केलं, आपण सख्खे भाऊ म्हणून कसं लागू होतं. सोपं करून सांगितलं. मला सोपं सांगता येतं.

"मी आलो तर तू जाणार?"

"हो."

"तुला जायचंय?"

"नाही."

तो पुलावरून जाणाऱ्या गाड्या बघत बसला. मग म्हणाला, "मग मी नाही येत."

झालं. मोजून चार मिनिटं लागली. मला हलकं वाटलं. त्याचा चहा तसाच राहिला होता. उठताना त्याने खिशातलं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

"हे परत द्यायचं?"

मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे.

९ मार्च, सोमवार

ही एकच वाक्य बोलली. "झालं तुमच्या मनासारखं?"

११ मार्च, बुधवार

उद्याचं इतिवृत्त लिहून ठेवलं. ही माझी पद्धत आहे, कुणाला माहीत नाही. सभेच्या आदल्या दिवशीच पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढतो. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावापुरती जागा मोकळी सोडतो. सभेत ती भरतो. सभा संपता संपता वही वाचायला तयार! इतर संस्थांत पंधरा-पंधरा दिवस लागतात. अकरा वर्षांत मोकळ्या जागांखेरीज काही बदलावं लागलेलं नाही.

उद्याचं असं — 'घरातील रहिवाशांनी निवडलेल्या उमेदवाराने स्वेच्छेने माघार घेतली. सभेने नोंद घेतली. उमेदवाराच्या समंजसपणाबद्दल सभा समाधान व्यक्त करते.'

वाक्य गोळीबंद झालं आहे.

१२ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सिस्टरांनी धाकट्याला सभेला बोलावलं होतं. मला आधी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "त्याचा विषय आहे, तो नको?" माझ्या समोरच बसला. तोच इस्त्रीचा शर्ट.

विषय आल्यावर त्या म्हणाल्या, "चिटणीस, काय नोंद करायची?" मी वही उघडून वाचलं. आवाज चांगला लागला होता. 'समंजसपणाबद्दल'पर्यंत आलो आणि पिवळं कार्ड वर.

धाकट्याचं. हात कोपरात न वाकवता, ताठ. शाळेत करतात तसा. शाळेने त्याला दीड वर्षात घरी पाठवलं होतं, तरी एवढं त्याने लक्षात ठेवलं.

नियमाप्रमाणे बोलणाऱ्याने थांबायचं. बोलणारा मी.

"काय कळलं नाही?"

"स्वेच्छेने."

"म्हणजे — तुला स्वतःला वाटलं म्हणून. दुसऱ्या कुणाला हवं होतं म्हणून नव्हे."

तो विचार करायला लागला. कुणी घाई केली नाही. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, तेवढं मला दिसलं.

"मग ते चूक आहे," तो म्हणाला. "मला नाही वाटलं. दादाला वाटलं."

रागाने नाही. ट्रेमध्ये अकराच पाव आहेत, हे ज्या आवाजात सांगेल त्याच आवाजात.

कापडवाले नेमके जागे होते! वकील चष्मा पुसायला लागले. सिस्टरांनी हात पुढे करून माझ्या हातातली वही घेतली. पानावर बोट फिरवलं.

"शाई वाळलीय. हे कधी लिहिलंत?"

"काल."

"बरं."

एवढंच. मग त्या धाकट्याकडे वळल्या. "आता काय लिहायचं, तूच सांग."

"दादाला विचारा," तो म्हणाला. "तो नीट लिहितो."

विषय एप्रिलच्या सभेवर गेला. तीन ओळी खोडल्या, समासात सही केली. अकरा वर्षांतली पहिली खाडाखोड.

१३ मार्च, शुक्रवार

फार वर्षांपूर्वी एक दुकानदार काटा घेऊन आला होता. पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला, करंगळीच्या नखाएवढा. तो तसाच ठेवून वर शिक्का मारून द्या म्हणाला. "इतकंसं तर आहे. कुणाला कळतंय?" मी काटा तसाच त्याच्या हातात दिला आणि दुकानातून जायला सांगितलं. ही गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेन! सभेतसुद्धा ऐकवली आहे. दोनदा.

आज दिवसभर एकाही काट्यावर शिक्का मारला नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, उद्या या.

१५ मार्च, रविवार

धाकटा आला नाही. फोन केला तर म्हणाला, "आज नाही यायचं." का, ते विचारलं नाही. हिने त्याचं ताट मांडलं होतं, ते तसंच उचललं.

१७ मार्च, मंगळवार

दुकान तासभर लवकर बंद करून घरी — म्हणजे त्यांच्या घरी — गेलो. तो खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. टेबलावर कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर त्याची सही, वरपासून खालपर्यंत. पहिल्या कागदावरची ओळीच्या खाली घसरत गेलेली, शेवटच्यावरची सरळ. म्हणाला, "विश्वस्ताला सही करावी लागते." मतमोजणीच्या दिवसापासून सराव चालला होता. पुलावरून परत आल्यावरही थांबवला नव्हता.

मग मी जे फेब्रुवारीत विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुला का व्हायचंय रे विश्वस्त?"

मला वाटलं म्हणेल, तू आहेस म्हणून. खरंच वाटलं होतं!

"कडीसाठी," तो म्हणाला.

"कसली कडी?"

"बाथरूमची. आतून लागत नाही. कुणीपण येतं. म्हणून आम्ही गाणं म्हणतो. गाणं चालू असलं की बाहेरच्याला कळतं, आत कुणी आहे."

इस्त्री बाजूला उभी करून त्याने शर्ट उलटा केला.

"मला गाणं नाही आवडत. मी बारापर्यंत आकडे म्हणतो. मग परत पहिल्यापासून. साबण डोळ्यात गेला तरी थांबायचं नाही. थांबलं की कुणीतरी येतं."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"कड्या विश्वस्तांनी काढल्यात. बाई म्हणाल्या." बाई म्हणजे तिथल्या व्यवस्थापिका. "आणि तू विश्वस्त."

घरी येऊन जुनी वही काढली. सहा वर्षांपूर्वीचा ठराव, क्रमांक एकतीस. 'सुरक्षिततेच्या दृष्टीने स्नानगृहांच्या आतील कड्या काढण्यात याव्यात. एकमताने संमत.' सगळं आठवलं. एक जण आत अर्धा तास अडकला होता, सुताराला दार फोडावं लागलं होतं. कारण खोटं नव्हतं. पण किती वेळ बोललो आम्ही त्यावर? चहा यायच्या आत संपलं. सात जण होतो, सातही जण कडी असलेल्या घरांतून आलेले. अक्षर माझं. सुरेख आलंय.

'आमच्या घरात सकाळ गाण्याने उजाडते.'

तेही माझंच.

२० मार्च, शुक्रवार

राजीनामा लिहिला. चार ओळी. 'स्वेच्छेने' हा शब्द अशा पत्रात घालायची रीत आहे. घातला, काढला, परत घातला. अर्धा तास त्यातच गेला. मग स्वतःलाच विचारलं — कुणी सांगितलंय? नाही. कुणाला हवंय? वकिलांनी तर काल पुन्हा निरोप पाठवला, 'एक ओळ, चिटणीस, एकच ओळ.' मला जायचंय? नाही. आणि तरी लिहितोय ते मीच.

शब्द ठेवला.

२२ मार्च, रविवार

धाकटा आला! ताट आधीच मांडलेलं होतं. हिने सकाळीच मांडलं होतं, विचारलं तर म्हणाली, "माझं ताट, मी मांडेन."

त्याला सांगितलं, मी बाहेर पडतोय, तू आत येतोयस.

"तुला जायचंय?" पुन्हा तोच प्रश्न.

"नाही. पण मी जाणार."

त्याने खिशातून कार्ड काढलं.

"अरे, जेवताना तरी ते ठेव की आत!"

ही इतकी हसली की ठसका लागला. तोही हसला. पण कार्ड खाली केलं नाही. तेव्हा सोपं करून सांगावं लागलं. म्हटलं, मी त्या खुर्चीवर अकरा वर्षं बसलो आणि कडीचं मला कळलं नाही. तू बसलास तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळेल. म्हणून.

"हे कळलं," तो म्हणाला, आणि भाताला हात घातला.

९ एप्रिल, गुरुवार

शेवटची सभा. चार वह्या, सूची, शिक्का, कपाटाची किल्ली — सगळं वकिलांच्या ताब्यात दिलं. यापुढे इतिवृत्त ते लिहिणार. अक्षर कसलं, कोंबडीचे पाय! सांगितलं, समास दोन बोटं सोडा आणि काही झालं तरी आधी लिहून आणू नका. वकील म्हणाले, "आधी? सभेनंतरसुद्धा माझ्याच्याने वेळेवर होणार नाही."

राजीनामा मंजूर. धाकट्याचं नाव मंजूर. त्याने सही केली. सरळ आली. टेबलाशी त्याच्यासाठी वेगळी खुर्ची मांडलेली नव्हती, तेव्हा मी उठलो आणि तो माझ्या खुर्चीवर बसला. खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

सिस्टर म्हणाल्या, "चहा तरी घेऊन जा." घेतला. दाराशी उभा राहून प्यायलो, कप परत ठेवला, निघालो. पायऱ्या उतरताना वरून सिस्टरांचा आवाज आला — "हं, कार्ड कुणाचं वर आहे?" आणि कापडवाल्यांचा — "माझं!"

१४ मे, गुरुवार

आज त्यांची सभा. दुकानात नऊ काटे तपासले. चारनंतर घड्याळाकडे पाहिलं नाही. फार नाही पाहिलं.

१७ मे, रविवार

जेवताना सहज विचारतो तसं विचारलं, "काय ठरलं गुरुवारी?"

"सांगता येत नाही."

"अरे, मला?"

"सभेतलं बाहेर बोलायचं नाही. कलम सतरा." घास गिळून पुढे म्हणाला, "तूच लिहिलंयस. वकिलांनी वाचून दाखवलं."

ही ताटाकडे बघत हसत होती. मी म्हटलं, कलम बरोबर आहे. भाजी वाढ.

जेवण झाल्यावर त्याने वजनं पुसली, क्रमाने लावली. जाताना दारात थांबला. "पुढच्या रविवारी तूच ये तिकडे. सकाळी ये."

२४ मे, रविवार

गेलो. आठ वाजता. वरच्या बाथरूमच्या दाराला नवी कडी. अडचण आलीच तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते अशी. कारागीर चांगला आहे, चारही स्क्रू एका पातळीत. दार बंद होतं. आत पाणी पडत होतं, कुणीतरी होतं.

गाणं नव्हतं.